बंद घरातलं सामान: काय उघडावं, काय भंगारात द्यावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीचा संसार आवरून तुम्ही दोघं गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमचं राहायला येताय. घर बरीच वर्षं गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच. आत सासूबाईंच्या वेळची तांब्यापितळेची भांडी, बंब, फणसाचे पलंग, लोखंडी कपाट आणि जुने पंखे. शिवाय अधूनमधून मुंबईहून आणून ठेवलेला फ्रिज, मिक्सर, सेमी वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर. मुलगा म्हणतो, जुनं सगळं भंगारवाल्याला द्या. फ्रिज आणि इन्व्हर्टर तेवढे ठेवू, ते ‘तसे नवेच आहेत’. उरलेलं हप्त्यावर नवं घेऊ. तुमचं मन होत नाही, पण जुन्याच्या मायेपोटी पैसे वाया घालवायचेही नाहीत.

मी याच किनाऱ्यावर मिक्सर-पंख्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं उघडून बसतो. माझं पोट दुरुस्तीवर चालतं, तेव्हा माझं म्हणणं तेवढी सूट देऊन वाचा. पण तुमच्या मुलाची यादी मी जवळजवळ उलटी करणार आहे. पलंग, कपाट, पंखे, भांडी राहू द्या. शंका घ्यायची ती फ्रिज आणि इन्व्हर्टरवर.

दुकानात वस्तू पुढ्यात ठेवताना गिऱ्हाईक हमखास म्हणतं, “अहो, वापरलाच कुठे, नवाच आहे.” तिथेच तर गोम आहे. समुद्राकाठी वस्तू वापरून जितकी झिजते त्याहून पडून राहून जास्त बिघडते. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार प्रत्येक वस्तूवर बसतात. मीठ कोरडं असतं तोवर फार त्रास देत नाही. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यात स्वतः विरघळतं. उघड्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं, तोच प्रकार. मग लोखंडावर, तांब्याच्या तारेवर, सर्किटच्या पट्टीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर चढतो आणि महिनोन् महिने खात बसतो. चालता टीव्ही, चालता फ्रिज स्वतःच्या ऊबेने थोडाफार कोरडा राहतो. फिरत्या पंख्याच्या बेअरिंगमधलं ग्रीस हलतं राहतं. बंद घरात हे सगळं थांबतं. वर पाली बोर्डात शिरतात, उंदीर वायरी कुरतडतात आणि कुंभारीण माशी थ्री-पिनच्या भोकात मातीचं घर बांधून जाते. म्हणून आठ वर्षांपूर्वी घेतलेला आणि आठ महिनेही न चाललेला फ्रिज नवा धरू नका.

तेव्हा पहिली गोष्ट. आल्या आल्या कुठलीही वस्तू प्लगला लावून ‘चालते का बघू’ करायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या जळक्या मालातला बराचसा याच उत्साहाचा असतो. आधी वायरमनला बोलावून घरातली फिटिंग तपासून घ्या. बोर्डाची झाकणं उघडून पालीची अंडी, मुंग्यांची माती, हिरवे पडलेले स्क्रू काढायला सांगा. मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवा. लोखंडी कपाट आणि बंब ठेवायला मी सांगतोय खरा, पण खर्चाचा पहिला रुपया इथेच पडायला हवा. अर्थिंगही बघा. आपल्याकडे खाली जांभा. त्यात अर्थिंग नीट धरत नाही आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी सवय वायरमनच्या बिलापेक्षा स्वस्त आहे. आणि व्होल्टेज. वीजप्रकल्प आपल्या अंजनवेलला, पण वाडीतला दिवा संध्याकाळी मिणमिणायचा तो मिणमिणतोच. फ्रिज ठेवायचा ठरलाच तर स्टॅबिलायझर लागेल, हे धरून चला.

आता पंखे. घरातली सर्वांत सोपी दुरुस्ती हीच, आणि लोक सर्वांत आधी बदलतात तेही पंखेच. जुन्या पंख्याच्या तक्रारी दोनच असतात: हळू फिरतो किंवा आवाज करतो. हळू फिरत असेल तर दहांतल्या आठांचा कपॅसिटर उतरलेला असतो. वरच्या वाटीत चपटा किंवा गोल डबा असतो, त्यावर आकडा छापलेला असतो. घरगुती पंख्यात बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरड. तोच आकडा सांगून दुसरा आणा, शंभराच्या आतबाहेर काम होतं. जास्त आकड्याचा घालून पंखा पळवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वायंडिंग तापतं.

आवाज येत असेल तर मेन बंद करून पाती हाताने हळू फिरवा. बोटांना खरखर जाणवली की बेअरिंग गेली. पंखा उतरवून उघडला की शाफ्टवर वर एक, खाली एक बेअरिंग दिसते. तिच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, बहुधा ६२०१ किंवा ६२०२. दुकानात नुसता नंबर सांगितला की पत्र्याच्या झाकणाची देतात. तुम्ही ‘टू-आरएस’ मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील असलेली. किनाऱ्यावर तीच टिकते, कारण दमट हवा आत शिरत नाही. किमतीत फारसा फरक नसतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पंख्याच्या बाबतीत खरी काळजी आवाजाची नाहीच, ती वरच्या टांगणीची आहे. छताजवळची वाटी खाली सरकवा आणि टॉर्च मारा. हुकात अडकवलेला रबरी रीळ, त्यातून आरपार गेलेला बोल्ट, नटाच्या पुढची दुमडलेली पिन. या बोल्टाला खपल्या सुटल्या असतील तर तो आतून बारीक झालेला असतो. नखाने खरवडलात की तांबडा भुगा हातात येतो. वाश्यातला हुकही तितकाच बघा. पंखा कितीही गुळगुळीत चालत असो, बोल्ट-पिन बदलल्याशिवाय त्याखाली झोपू नका. गॅल्व्हनाइझ्ड बोल्ट घ्या आणि पिन विसरू नका. पिनेशिवाय नट थरथरीने सुटत जातो.

नव्या बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या पंख्यांबद्दल मुलगा बोलेलच, आणि विजेच्या हिशेबात तो चूक नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅट ओढतो, नवा ३० च्या आसपास. रोज बारा तास धरले तर दिवसाला अर्धा युनिट वाचतो. पण त्याच्या पोटात सर्किट असतं आणि आपली खारी हवा आणि परतीच्या पावसातल्या विजा सर्किटालाच धरतात. माझा सल्ला असा: ज्या खोलीत रात्रंदिवस पंखा लागतो तिथे एक नवा घ्या. बाकी खोल्यांतले जुने राहू द्या. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून वीस दिवस फिरणार. तिथे वाचलेल्या विजेतून त्याची किंमत निघायला तुमच्या नातवाचं लग्न उजाडेल.

मिक्सर. ओल्या खोबऱ्याचं वाटण हे मिक्सरचं कोकणातलं मुख्य मरण. पाणी कमी, भांडं गच्च भरलेलं आणि बटण शेवटच्या नंबरावर. मिक्सर अचानक बंद पडला तर आधी उलटा करून बुडाशी लाल बटण दिसतं का बघा. जास्त भार आला की ते बाहेर येतं. थंड झाल्यावर दाबलं की झालं, एवढ्यासाठी दुकानात येऊ नका. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर वरचा कपलर झिजलाय. ठिणग्या आणि जळका वास येत असेल तर कार्बन ब्रश. या दोन्ही गोष्टी किरकोळ खर्चाच्या आहेत. भांड्याच्या बुडातून काळसर तेल पाझरून चटणीत उतरत असेल तर मात्र ते भांडं वापरणं त्याच दिवशी थांबवा. बूश आणि सील बदलून मिळतात. बरीच वर्षं पडून राहिलेला मिक्सर चालू करण्यापूर्वी कपलर हाताने फिरवून बघा. घट्ट बसला असेल तर बटण दाबायचं नाही. मोटर जाम असताना करंट मिळाला की वायंडिंग जळतं आणि मग शंभराचं काम हजारावर जातं.

सेमी वॉशिंग मशीनला मी मनापासून मत देतो. दोन मोटर, दोन टायमर, एक बेल्ट, एक ब्रेक, बास. प्रत्येक भाग चिपळूणला सुटा मिळतो. उलटी करून बुडाची जाळी शाबूत आहे का बघा, उंदरांचा रस्ता तोच. जाळी नसेल तर बारीक तारेची लावून घ्या, प्लास्टिकची नको. पुढे दार असलेलं, आपोआप सगळं करणारं मशीन घ्यायचा विचार असेल तर एवढं जाणून घ्या की त्याचं सर्किट गेलं की ते कंपनीतूनच यावं लागतं. मागे एका नामांकित कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने माझ्या एका गिऱ्हाइकाला सर्किटसाठी नव्या मशीनच्या निम्मी किंमत सांगितली, तीही अख्खा पावसाळा ताटकळत ठेवल्यावर.

याच कटकटीवर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ नावाचं संकेतस्थळ काढलं. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि वॉरंटीचा तपशील तिथे एका जागी मिळावा, हा हेतू. नवं काही घेण्यापूर्वी त्या कंपनीची माहिती तिथे आहे का हे मुलाला बघायला सांगा. माझी स्वतःची कसोटी त्याहून ओबडधोबड आहे. वस्तू उलटी करतो. स्क्रू दिसले तर ती माझ्याकडे परत येऊ शकते. नुसते खटके आणि गोंद असेल तर ती एकदाच विकत घ्यायची वस्तू.

फ्रिजकडे येतो. मागची बाजू भिंतीपासून ओढून खालचा भाग बघा. कॉम्प्रेसर हा पूर्ण बंद डबा असतो, तो सहसा बिघडत नाही. गंजते ती त्याखालची पत्र्याची पट्टी आणि गॅसच्या नळ्यांचे जोड. कॉम्प्रेसरला चिकटलेली रिले नावाची छोटी डबी गेली असेल तर काम स्वस्तात भागतं. दाराचं रबर बुरशी येऊन कडक झालं असेल तर तेही बदलता येतं. त्याआधी गरम पाण्याने धुऊन, सोडा लावून घासून बघा, बरेचदा तेवढ्याने मऊ पडतं. पण भिंतीच्या आतल्या, फोममध्ये गाडलेल्या नळीतून गॅस गळत असेल तर हात जोडा आणि द्या सोडून. ती नळी गाठायची म्हणजे फ्रिज फोडायचा. वरून नुसता गॅस भरून देतो म्हणणारे भेटतील. तो गॅस पुढच्या पावसाळ्याच्या आत निघून जातो आणि तुमचे पैसेही. शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, तो पेट घेणारा वायू आहे. तसं स्टिकरवर लिहिलेलं असेल तर कुठलाही ओळखीपाळखीचा मेस्त्री नळ्या जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवून बसता कामा नये. त्या गॅसचं काम येणाराच माणूस लागतो.

इन्व्हर्टरबद्दल लांबवत नाही. डबा ठीक असेल, बॅटरी गेली असणार. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. नवं पाणी घालून, रात्रभर चार्ज करून ती दोन दिवस जागी झाल्यासारखी वाटते आणि पहिल्या वादळात पंधरा मिनिटांत झोपते.

लोखंडी कपाट मात्र राखण्यासारखं आहे. त्या जुन्या पत्र्याची जाडी आज तेवढ्या पैशांत मिळत नाही. गंज बहुधा तळाशी आणि मागच्या पत्र्याला असेल, कारण कपाट फरशीवर टेकलेलं आणि भिंतीला चिकटलेलं असतं. इथे बहुतेक रंगारी एक चूक करतात: गंज कानशीने घासला की सरळ रंग. पत्र्यावर मीठ तसंच राहतं आणि रंगाखाली पुढचं काम चालू ठेवतं. पुढच्या श्रावणात फोड येतात आणि दोष रंगाच्या डब्याला. कपाट अंगणात आडवं पाडा, खपल्या तारेच्या ब्रशने काढा आणि विहिरीच्या गोड्या पाण्याने दोनदा खळखळून धुवा. मग दिवसभर कडक उन्हात. पत्रा हाताला चटका देईल इतका तापला पाहिजे. त्याच संध्याकाळी, दव पडण्याआधी, रेड ऑक्साइडचा पहिला हात द्या. दुसऱ्या दिवशी दुसरा, मग ऑइल पेंट. तळाला भोकं पडली असतील तर रंगापूर्वी फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची पट्टी जोडून घ्या. नुसती लांबी (पुट्टी) भरून काही होत नाही. आणि परत उभं करताना खाली चिऱ्याचे चार तुकडे आणि भिंतीपासून वीतभर जागा. हे काम दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत. मृगाच्या तोंडावर सुरू केलंत तर पैसे घालून गंजच रंगवाल.

फणसाचे पलंग देणाऱ्याला मी भांडायला येईन. त्या लाकडाला दुरुस्ती कळते. जुन्या सुतारांनी सांधे लाकडी खुंट्यांनी बसवलेले असतात. ते आक्रसून सैल झाले असतील तर खुंटी काढून नवी ठोकली की पलंग परत हलायचा नाही. घाईत लोखंडी खिळा कोणाला मारू देऊ नका. गंजून फुगतो आणि सांधा फाडतो. साग, आईन अशा लाकडांत तर लोखंडाभोवती काळा डागही पसरतो. स्क्रू लागलाच तर पितळी. पाय वाळवीने खाल्ले असतील तर खराब तेवढं कापून त्याच लाकडाचा तुकडा जोडतात, सुताराला नवीन नाही ते. बारीक गोल भोकं आणि खाली पिवळसर पीठ दिसलं तर ती वाळवी नव्हे, भुंगा. त्यासाठी मिळणारं औषध सिरिंजने एकेका भोकात सोडावं लागतं. वरून फासून उपयोग नाही. खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला काजूच्या टरफलाचं तेल लावायची इथली जुनी पद्धत चांगली आहे. होड्यांनाही तेच लावत आले. पण हाताला लागलं तर कातडी सोलवटते, हातमोजे घाला आणि झोपायच्या बाजूला अजिबात लावू नका.

याच्या उलट, भुशाच्या फळ्यांची कपाटं. दुकानात दिसतात छान, हप्ता कमी. एका पावसाळ्यात कडा फुगतात, बिजागरीचे स्क्रू सुटतात आणि परत बसवायला धरायला लाकूडच नसतं. माझ्याकडे त्याला इलाज नाही, सुताराकडेही नाही.

आता भांडी. तांब्याची पातेली, पितळेचे टोप, बंब. तुमच्या सूनबाईंना भीती वाटते की यात अन्न विषारी होतं. कल्हई गेलेल्या भांड्यापुरती ती भीती बरोबर आहे. आमसूल, चिंच, ताक पडलं की जेवण कळकतं, हिरवट चव येते आणि पोट बिघडतं. सोलकढी तर अशा भांड्यात कधीच नको. पण कल्हई असली की याच टोपातली डाळ स्टीलच्या पातेल्यासारखी बुडाला लागत नाही, कारण आच सगळीकडे सारखी पसरते.

कल्हईवाले आता दारावर क्वचित येतात, पण बाजारच्या गावात विचारलं तर पत्ता लागतो. काम समोर बसून करून घ्या, ते बघण्यासारखंही असतं. भांडं आधी आम्लाने आणि वाळूने घासून लख्ख करतात. मग भट्टीवर उलटसुलट तापवतात. पुरेसं तापलं की आत नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर भसकन उठतो, त्या वेळी नाक बाजूला. नवसागर धातूवरची काजळी-गंज खाऊन टाकतो, म्हणून कथील धरतं. लगेच कथलाची कांडी तापल्या पृष्ठभागाला नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, तेव्हा ते थेंबासारखं पळायला लागतं. कल्हईवाला कापसाचा बोळा घेऊन दोन-तीन फटक्यांत ते बुडापासून काठापर्यंत पसरवतो आणि तांबडं भांडं डोळ्यांदेखत रुपेरी होतं. मग पाण्यात बुडवलं की चर्रर्र.

यात बघायची गोष्ट कांडी आहे. शुद्ध कथील महाग, म्हणून काही जण शिसं मिसळलेलं वापरतात, आणि शिसं पोटात जाणं चांगलं नाही. कांडी हातात घेऊन कानाजवळ वाकवा. शुद्ध कथील वाकताना बारीक करकर आवाज करतं, शिसमिश्रित असेल तर मुकं राहतं. रेडिओ-टीव्हीच्या सोल्डरची तार तर चालतच नाही. कल्हई झालेल्या भांड्यात कोरडं भाजू नका, रिकामं भांडं आचेवर विसरू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका. बाहेरून चमकवायला बिंबल (आंबट फळ) किंवा आमसुलाचं पाणी आणि थोडं मीठ पुरतं, मात्र नंतर गोड्या पाण्याने नीट धुऊन पुसा.

बंब गळत असेल तर जोडावर डाग (धातूची झाळ) देऊन मिळतो. आतली लोखंडी जाळी गंजून पडली असेल तर लोहाराकडून नवी. पाणी न भरता पेटवला तर डाग वितळून पुन्हा गळायला लागेल, एवढंच सांभाळा. नारळाच्या बागेत सोडणं (नारळाची सालं) आणि झावळ्या फुकट असताना गीझर कशाला, हा माझा प्रश्न. पण उंबरठ्याबाहेर जाऊन रोज पेटवायची तयारी हवी, तेही खरं.

बाकीचं भराभर. कापसाच्या गाद्या असतील तर पिंजून घ्या आणि एप्रिलच्या उन्हात तापवा. फोमच्या गादीला बुरशी धरली असेल तर ती टाकायची. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या बायका वाडीत अजून आहेत, साड्या डोंबिवलीत वाटून येऊ नका. सुपाच्या फटी कागदाच्या लगद्यात मेथीचं पीठ कालवून लिंपतात, वाळलं की वर्षभर बघावं लागत नाही. पाटा-वरवंट्याला टाकी लावून घ्या. मोडक्या छत्र्या मे महिन्यातच बाजारात न्या, पाऊस पडल्यावर तिथे रांग असते. फाटकी मासेमारीची जाळी कोणी देत असेल तर घ्या, परसातल्या वांगी-मिरचीभोवती कोंबड्या अडवायला त्यासारखं दुसरं काही नाही. घराची कौलं उतरवाल तेव्हा शाबूत मंगळुरी कौलं एका बाजूला रचून ठेवा. वानराने फोडलेल्या एका कौलासाठी त्याच छापाचं कौल शोधत हिंडणं म्हणजे काय ते पुढे कळेल.

काही वस्तूंची दुरुस्ती मी करत नाही आणि तुम्हीही कोणाकडून करून घेऊ नका. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायचीच, वरून चांगली दिसली तरी. रेग्युलेटर गळत असेल तर एजन्सीतून दुसरा. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवा, त्या भोकात नट-बोल्ट आवळून काम भागवलेले कुकर मी पाहिलेत. तडकलेली इमर्शन रॉड सरळ भंगारात.

तुमच्या खालच्या अंगाला वहाळ आहे असं लिहिलंत, म्हणून पुराबद्दल थोडं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात आणि घरांत शिरलं, त्यानंतर भिजलेली यंत्रं या पट्ट्यातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याने उघडली. तेव्हा वाचली ती कुठली, हे सांगतो. ज्यांनी चिखल ओला असतानाच गोड्या पाण्याने धुऊन काढला आणि प्लगला हात लावला नाही, त्यांच्या मोटरी वाचल्या. ज्यांनी चिखल वाळू दिला किंवा ‘एकदा लावून बघितलं’, त्यांच्या गेल्या. पंखे, पंप, मिक्सर, सेमी मशीन यांची मोटर धुऊन, उन्हात वाळवून, मेगरने (करंट गळतो का ते मोजायच्या यंत्राने) तपासून, बेअरिंग बदलून पुन्हा चालते. वायंडिंग गेलं तर रिवाइंड होतं, तारेचा आग्रह मात्र तांब्याचा धरा. स्वस्तात अॅल्युमिनियम भरून देणारे असतात. फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये पुराचं पाणी गेलं तर तो फ्रिज विसरायचा. घर वहाळाजवळ आहे, तेव्हा आत्ताच फ्रिज आणि पंपाचा स्टार्टर चिऱ्याच्या ओट्यावर उचलून बसवा.

आणि पुन्हा कधी महिना-दोन महिने मुलाकडे गेलात तर फ्रिज धुऊन, पुसून, दारात फडक्याची घडी अडकवून उघडा ठेवा. टीव्हीचा प्लग आणि केबल दोन्ही काढा. शेजाऱ्यांपैकी कोणाकडे किल्ली द्या आणि आठवड्यातून एकदा तासभर पंखे लावून, खिडक्या उघडायला सांगा. विळी, कोयता, सुऱ्यांना खोबरेल चोळून कागदात गुंडाळा.

भंगारवाल्याला काय द्यायचं तेही सांगतो. फुगलेली फळ्यांची कपाटं, फोमच्या गाद्या, गेलेला फ्रिज. मात्र इन्व्हर्टरची बॅटरी त्याच्या टेम्पोत टाकू नका. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेऊन तिचे पैसे वळते करतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरच टाकली आहे. भंगारवाल्याकडे गेली तर कुठेतरी परसात फोडून शिसं काढतात आणि आम्ल मातीत सांडतात. तांब्यापितळेची भांडी तो वजनावर मागेल आणि भाव चढवत नेईल, तेवढ्यापुरतं घरात नसल्यासारखं करा.

याल तेव्हा पहिल्या आठवड्यात वायरमन आणि पंख्यांच्या टांगण्या, एवढंच उरका. कपाट-पलंग सवडीने. फ्रिज चालू करण्यापूर्वी कॉम्प्रेसरवरच्या किंवा मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव काय लिहिलंय ते वाचा आणि नळ्यांच्या जोडांचा, तळाच्या पट्टीचा फोटो काढून पाठवा. मग तो ठेवायचा की नाही ते सांगतो.